पलंगाखालचा भाडेकरू

४ फेब्रुवारी

मायना काय लिहावा यावर बरेच कागद फुकट गेले, म्हणून मायना सोडूनच देते.

तू फोन उचलत नाहीस. पुलाच्या कामावर नेटवर्क नसतं, असं तुझ्या मैत्रिणीने सांगितलं आणि मी ते खरं मानलं. पत्ताही तिनेच दिला. तिच्यावर रागावू नकोस. दाताच्या दवाखान्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, लोकांना तोंड उघडायला लावणं मला जमतं.

मी तुझ्या बाबांशी लग्न केलं, त्याबद्दल हे पत्र नाही. त्यावर तुला जे म्हणायचं होतं ते तू जाताना जिन्यात उभी राहून म्हणालीस आणि मला ते सगळं वर ऐकू आलं. हे पत्र कुत्र्याबद्दल आहे.

तू त्याला आणलंस तेव्हा 'दोन दिवसांसाठी' म्हणाली होतीस. मग तू गेलीस आणि तो राहिला. तो तुझ्या खोलीत, तुझ्या पलंगाखाली, अगदी भिंतीला चिकटून असतो. मी गुडघ्यांवर बसून वाकून बघते तेव्हा मला फक्त डोळे दिसतात. खोलीचं दार लावून मी स्वयंपाकघरात गेले की मगच तो खातो. फरशी ओली करतो, मी पुसते. तक्रार नाही, आपलं सांगितलं. पण खाली सायकलच्या दुकानात तुझ्या बाबांनी कॉम्प्रेसरची हवा सोडली, फुस्स झालं, की वरती नखांचा आवाज सुरू होतो. तो भिंत खणतो गं. कोपऱ्यातला गिलावा निघालाय. परवा त्याच्या पंजाला रक्त आलं होतं, आणि ते बघायलाही त्याने मला जवळ येऊ दिलं नाही.

मला कुत्र्यांची सवय नाही. खरं सांगायचं तर मला कुत्र्यांची भीतीच वाटते. आम्ही दोघं एकाच खोलीत एकमेकांना घाबरून बसतो.

तुझ्या बाबांना विचारलं तर म्हणतात, "तिने आणलाय, तिला विचार." आणि स्वतः विचारत नाहीत. त्याला ते 'भाडेकरू' म्हणतात. खोली बळकावून बसलाय आणि भाड्याचं नाव काढत नाही, म्हणून.

म्हणून मीच विचारते. तो तुला कुठे सापडला? त्याचं काय झालं होतं? आणि आता मी काय करू?

तुझ्या घरून,
मी


२० फेब्रुवारी

उत्तर नाही आलं. पत्र पोचलंच नसेल असं मी धरून चालते. म्हणजे पुन्हा लिहायला मोकळी.

तू ज्यांच्याबरोबर कुत्री सोडवायला जायचीस, त्या तुझ्या संस्थेतून एक बाई येऊन गेल्या. कुत्र्यांना शिकवतात. तुझे बाबा त्यांना 'शिकवणीच्या बाई' म्हणतात. वयाने तुझ्याएवढ्याच असतील, कायम काहीतरी चघळत असतात आणि दिलेल्या वेळेला कधीच येत नाहीत. मी गोळ्या, इंजेक्शनं, काहीतरी जालीम उपाय ऐकायच्या तयारीत बसले होते. त्या म्हणाल्या, "काही करू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे बोलावू नका, हात पुढे करू नका, डोळ्यांत बघू नका. खोलीत जायचं, त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं, आपलं आपलं काहीतरी करायचं. मधूनच मागे खाऊ टाकायचा. वळून बघायचं नाही."

"आणि तो मागून चावला तर?"

"पळायला वाट असली की कुत्रा सहसा चावत नाही. त्याची वाट अडवू नका."

म्हणून मी रोज संध्याकाळी दवाखान्यातून येते, तुझ्या खोलीत कपाटाकडे तोंड करून बसते आणि शेंगा सोलते, बटणं लावते, नाहीतर जुना पेपर वाचते. उकडलेल्या अंड्याचे तुकडे खांद्यावरून मागे टाकते. पहिल्यांदा माझी पाठ भीतीने आखडून गेली. दवाखान्यात खुर्चीवर बसलेली माणसं हातांच्या मुठी करतात ना, तशा मी मुठी करून बसले होते. मग माझं मलाच हसू आलं. रोज पेशंटला सांगते, श्वास सोडा, खांदे सैल करा. तेच स्वतःला सांगितलं.

बाई म्हणतात, त्यालाही अगदी तेच सांगायचंय, फक्त तोंडाने सांगून भागत नाही.

आता अंडं पडल्याचा आवाज होतो, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग चाटल्याचा आवाज. मी खोलीत असताना! मला एवढा आनंद झाला की मी वळून बघितलं आणि सगळं मुसळ केरात. पुढचे काही दिवस पुन्हा येरे माझ्या मागल्या.

बाबा बरे आहेत. विचारलं नाहीस, तरी सांगितलं.


७ मार्च

तुझं कार्ड आलं. फ्रीजवर लावलंय. वाक्यं तीनच आहेत, पण मी ती इतक्या वेळा वाचली की मला पाठ झाली. *गोदामाच्या मोरीत बांधून ठेवला होता. गळ्यात वायर होती, मांसात रुतलेली. पट्टा घालू नका.*

मी पट्टा आणून ठेवला होता. लाल, चांगला मऊ बघून घेतला होता. त्याच दिवशी परत केला. शिकवणीच्या बाईंना कार्ड दाखवलं, तर त्या चघळायच्या थांबल्या. म्हणाल्या, मानेजवळ काहीही न्यायचं नाही, छातीवरून बांधायचा पट्टा आणू, आणि तोही घालायची घाई नको. सध्या तो पट्टा फरशीवर पडलेला असतो आणि त्याच्यावर अंडं ठेवलेलं असतं. पट्ट्याची आणि त्याची ओळख करून देणं चाललंय. लग्न ठरवावं तसं, आधी नुसतं बघणं. (हा विनोद तुझ्या-माझ्यात चालेल की नाही कळत नाही. खोडला असता, पण शाई आहे.)

आता कॉम्प्रेसरचं ऐक. बाई म्हणाल्या, आवाजाची भीती घालवायची तर आवाज टाळून चालणार नाही, पण एकदम अंगावरही घ्यायचा नाही. लांबून, हळू, थोडा. आणि आवाज झाला की लगेच खाऊ. म्हणजे हळूहळू त्याच्या डोक्यात फुस्स म्हणजे अंडं, असं बसलं पाहिजे. त्यासाठी खाली माणूस हवा. तुझे बाबा आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, बघू. मग एके दिवशी मी वर खिडकीतून रुमाल हलवला आणि त्यांनी खाली, दुकानाचं दार लोटून घेऊन, हवा अगदी बारीक सोडली. फु... एवढंच. भाडेकरूचे कान हलले. मी अंडं टाकलं. त्याने खाल्लं.

पुन्हा रुमाल, पुन्हा फु.

आता हे रोज चालतं. काल एक गिऱ्हाईक सायकल धरून उभं होतं, तुझे बाबा त्याला म्हणाले, "जरा थांबा, वर शिकवणी चालू आहे." तो माणूस वर बघायला लागला. तुझे बाबा वैतागलेले दाखवतात, पण रुमाल हलायच्या आधीच त्यांचं तोंड खिडकीकडे असतं.

तो आता पलंगाखालून अर्धा बाहेर येतो. पुढचे पाय आणि तोंड. एका कानाचा शेंडा नाही त्याला, हे मला आत्ता कळलं.

तू 'घालू नका' असं लिहिलंस. म्हणजे घरात कोणीतरी आहे हे तू धरलंस. तेवढं मला पुरलं.


२२ मार्च

सगळं ठीक आहे.

सध्या इकडे हवा बरी आहे. दवाखान्यात गर्दी आहे. तुझे बाबा काही दिवस दुकान बंद ठेवणार आहेत, जरा विश्रांती. हाताला थोडं लागलंय, काम म्हटलं की लागतंच. तू काळजी करू नकोस.

भाडेकरूही ठीक. शिकवणी सध्या बंद आहे. त्यालाही विश्रांती.

एक सहज विचारते. समजा एखाद्या घरी कुत्रा ठेवणं जमलं नाही, तर तुमची संस्था त्याला परत घेते ना? आणि घेतल्यावर पुढे काय करतात? म्हणजे दुसरीकडे देतात ना? की काही वेळा देत नाहीत? सहज विचारलं. शेजारच्या बाईंना हवी होती माहिती.

पत्र लहान झालं. पुढचं मोठं लिहीन.


३१ मार्च

तुझं पत्र वाचलं. 'तुम्ही त्याला मारायला निघालायत आणि मला हवापाणी कळवताय.' हे वाक्य दोनदा वाचलं, मग कागद घडी करून ठेवला, मग पुन्हा काढला. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, म्हणून ते इतकं वाईट लपवलं गेलं. शेजारच्या बाईंकडे मांजर आहे.

तुला तुझ्या मैत्रिणीने सांगितलं ते खरं आहे. तो तुझ्या बाबांना चावला. उजव्या हाताला, अंगठ्याच्या खाली. टाके पडले. अंगठा अजून पूर्ण वळत नाही. डॉक्टर म्हणतात वळेल, पण कधी ते सांगत नाहीत. पाना धरणारा हात आहे तो. मी तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू एकतर बाबांसाठी घाबरली असतीस नाहीतर कुत्र्यासाठी, आणि दोन्ही वेळा म्हणाली असतीस की घरात ही बाई आली आणि हे झालं. मला तेच म्हणायचंय गं. मलाही तसंच वाटतं.

कसं झालं ते सांगते. त्या दिवशी तो पहिल्यांदा स्वतःहून खोलीच्या बाहेर आला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तो जिन्याच्या तोंडाशी गेला. एक पायरी उतरला. थांबला. अजून एक उतरला. तुझे बाबा खाली दुकानात ब्रेक दुरुस्त करत होते. त्यांनी मान वर केली आणि त्यांना तो दिसला. तुला सांगते, लग्नाच्या दिवशीसुद्धा मी त्यांचा चेहरा असा उजळलेला बघितला नव्हता. "अरे, भाडेकरू! आलास?" म्हणत ते उठले, दोन पायऱ्या चढले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवायला वाकले.

हातात ब्रेकची वायर होती. लोंबत होती. त्यांच्या लक्षातही नव्हतं.

मी ओरडायच्या आधीच झालं होतं. तो लगेच सुटला आणि वर पलंगाखाली गेला. तुझे बाबा पायरीवर हात धरून बसले. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "मी काय केलं त्याला?"

मी सांगितलं त्यांना वायरचं. तुझं कार्ड दाखवलं. पण हात ठणकत असताना माणसाला दुसऱ्याच्या गळ्यातली वायर कशी दिसणार? ते म्हणाले, "दुकानात पोरंसोरं येतात. उद्या एखाद्या लेकराला चावला तर? तो जाईल." चुकीचं बोलले असं मला म्हणता येत नाही. त्यांनी स्वतःच संस्थेला फोन केला. संस्थेचा माणूस परवा येणार आहे. शिकवणीच्या बाई म्हणाल्या, चावलेल्या कुत्र्याला सहसा घर मिळत नाही. मग त्याचं काय होतं, ते मी विचारलं नाही.

जीव टांगणीला लागलाय. दवाखान्यात आज एका पेशंटच्या हातात मी दुसऱ्याचीच कवळी दिली.

तो परत पलंगाखाली आहे. अंडं तसंच पडून आहे.


१४ एप्रिल

त्याला नेलं नाही. हे आधी लिहिते, बाकीचं नंतर वाच.

संस्थेचा माणूस पिंजरा घेऊन आला. चांगला होता बिचारा, त्याचं कामच ते. वर आला, पलंग सरकवला आणि हातातली काठी पुढे केली. काठीच्या टोकाला तारेचा फास होता. मी दारात उभी होते आणि तुझे बाबा माझ्या मागे.

भाडेकरू भुंकला नाही. गुरगुरला नाही. चावायलाही आला नाही. फास बघितला आणि तो खाली बसला. बसला म्हणजे पसरलाच, फरशीला चिकटला. डोळे मिटून घेतले आणि मान आत ओढली. खालून सगळं ओलं झालं. वाट बघत होता तो. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होतं.

"ते काय आहे?" तुझ्या बाबांनी विचारलं.

"फास आहे, काका. घाबरलेल्याला असंच धरावं लागतं."

"बाहेर या."

"काका, तुम्हीच फोन..."

"केला होता. आता बाहेर या म्हणतोय. चहा घ्या हवा तर, पण ते आधी बाहेर न्या."

तो माणूस गेल्यावर ते दुकानात गेले आणि भिंतीवर टांगलेली ब्रेकच्या वायरींची सगळी वेटोळी काढून डब्यात बंद केली. डाव्या हाताने, एकेक. मी मदतीला गेले तर म्हणाले, "राहू दे."

मग त्यांनी शिकवणीच्या बाईंना स्वतः बोलावलं आणि समोर बसून, शाळेतल्या पोरासारखं, काय काय करावं लागेल ते विचारलं. दुकानाच्या आणि जिन्याच्या मध्ये आता लाकडी फाटक आहे. गिऱ्हाईक असताना तो वरच राहणार. जनावरांच्या डॉक्टरांनी मनाची धास्ती कमी करणारी गोळी लिहून दिलीय, रोज अर्धी. आणि मुसकं. नाव वाईट आहे, पण जाळीचं असतं, त्यातून श्वास घेता येतो, पाणी पिता येतं. ते गळ्याजवळ बांधावं लागतं, म्हणून सगळ्यांत कठीण. आधी जाळीच्या आत अंडं ठेवून नुसतं समोर धरायचं. तोंड तो स्वतः घालणार, आपण नाही घालायचं. दुधाने तोंड पोळलेलं हे जनावर, ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पितं.

पण धरून कोण बसतं ठाऊक आहे? तुझे बाबा. दुकान बंद, हात बांधलेला, दिवसभर दुसरा उद्योग नाही. मी दवाखान्यातून येते तेव्हा ते तुझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेले असतात, डावा हात मागे, हातात ती जाळी. मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाले, "वाटते. त्यालाही वाटते. बसलोय दोघं."

आता तुझ्या पत्राचं. तू चार दिवसांसाठी येतेयस आणि त्याला घेऊन जाणार म्हणतेस. तू लिहिलंस तेव्हा बाबा त्याला घालवणार होते, म्हणून तू ठरवलंस, ते बरोबरच होतं. आता घालवणार नाहीत. तरी न्यायचा असेल तर ने. तुझा कुत्रा आहे. तू त्याला त्या मोरीतून काढलंस, मी नुसती अंडी उकडली.

फक्त एक विचारू? पुलाच्या कामावर सुरुंग लावतात का?

येशील तेव्हा दारातून हाक मारू नकोस. पळत जाऊ नकोस. तुला बघून तो धावत येईल असं... नाही, येईलही. मला काय कळतंय. पण समजा आला नाही, तर मनाला लावून घेऊ नकोस.

तुझ्या पलंगाची चादर बदललीय. तो खाली असतो, तू वर झोप.


३ मे

तू जाऊन आठवडाही झाला नाही. पोचल्याचं तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. हे पत्र त्याआधीच लिहायला हवं होतं. रोज बसते आणि उठते.

मला तुला त्या दुसऱ्या दिवसाबद्दल सांगायचंय. तू म्हणशील, मी होते की तिथे. होतीस, पण तुझी पाठ होती.

पहिल्या दिवशीचं तर तुला माहीतच आहे. तू जिना चढून आलीस, सांगितल्याप्रमाणे हाक मारली नाहीस, हळूच खोलीच्या दारात वाकलीस. आणि तो तुझ्याकडे बघून गुरगुरला. मागे सरत सरत माझ्या पायांमागे आला. माझ्या! त्या क्षणी मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तू उठलीस. मोरीत गेलीस आणि नळ सोडलास. तो नळ किती वेळ चालू होता, ते बाहेर उभ्या राहिलेल्या आम्हा दोघांना माहीत आहे. तुझे बाबा दाराशी गेले, कडी वाजवायला हात वर केला, खाली घेतला आणि शेवटी एवढंच विचारलं, "जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस आणि विचारलंस, "आता मी काय करू?"

मी म्हटलं, "बस. पाठ कर."

तू कपाटाकडे तोंड करून बसलीस. मी तुझ्या शेजारी, जरा तिरकी. तुझे बाबा त्यांच्या जागेवर, भिंतीकडे तोंड करून. खरं तर तिघांना तिथे नीट जागाही नव्हती. थोड्या वेळाने तू म्हणालीस, "वर्गाबाहेर काढल्यासारखं वाटतंय." तुझे बाबा म्हणाले, "तुला सवय आहे." आणि तू हसलीस. मग तू बोलायला लागलीस. आमच्याकडे बघायचं नव्हतं, म्हणून असेल. गोदामाचं कुलूप कसं तोडलं, आत शिरल्यावर आधी वासच कसा आला, मोरीचा नळ ठिबकत होता तेवढ्यावर तो कसा जगला असेल. वायर कापायची पक्कड तू इथूनच नेली होतीस, दुकानातून, बाबांना न सांगता. तू म्हणालीस, "कापताना माझा हात इतका थरथरत होता की मला वाटलं मीच त्याला मारणार. आणि तो हललाच नाही. त्याने मला कापू दिलं." मग तुझा आवाज अडकला. मग तू आईबद्दल बोललीस, तिच्या आजारपणाबद्दल, बाबांशी. ते मी ऐकलं, पण त्यावर मी काही लिहिणार नाही. ते तुमचं आहे.

आता जे तुला दिसलं नाही ते.

मी तिरकी बसले होते. तू कपाटाचं एक दार अर्धं उघडं ठेवलं होतंस, त्याच्या आतल्या आरशात मला तुझ्या मागची सगळी खोली दिसत होती. तू वायरचं सांगत होतीस तेव्हा तो पलंगाखालून बाहेर आला. पूर्ण बाहेर. पोट जमिनीला घासत, थांबत थांबत, तुझ्या पाठीशी आला. तुझी वेणी पाठीवर होती. त्याने ती हुंगली. मग तुझं कोपर. नाक अगदी टेकवलं नाही, पण त्याचा श्वास तुझ्या बाहीवर लागत असणार, कापड हलत होतं. तू बोलत होतीस तोवर तो तिथेच उभा होता. मग तुझा आवाज अडकला आणि तो खाली बसला. तुझ्या मागे, वीतभर अंतरावर, पुढच्या पायांवर तोंड ठेवून. माझ्या मागे तो इतक्या जवळ अजून कधी बसलेला नाही. तुझ्या बाबांच्या मागेही नाही.

मी बोलले नाही, कारण बोलले असते तर तो पळाला असता. हे खरं आहे. पण नंतरही बोलले नाही, ते का, ते आता सांगते.

तू उठायच्या आधी तो परत आत गेला. तू वळून बघितलंस तर पलंगाखाली तेच दोन डोळे. शेवटच्या दिवशी गाडी खाली उभी होती, छातीचा पट्टा बांधलेला होता, आणि तो जिन्याच्या तोंडाशी चारी पाय रोवून थरथरत राहिला. गाडीवाला हॉर्न देत होता. तू त्याला ओढू शकली असतीस. तू खाली बसलीस, पट्टा सोडलास आणि म्हणालीस, "राहू दे त्याला इथेच. तिकडे रोज सुरुंग उडतात. आणि मला तर तो ओळखतही नाही."

मी शेजारी उभी होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. नाही उघडलं. मला वाटलं, हिला कळलं तर ही त्याला घेऊन जाईल. त्याच्याशिवाय त्या खोलीत संध्याकाळी कपाटाकडे तोंड करून मी काय करणार होते? म्हणून तुला तसंच गाडीत बसू दिलं. तू काच वर केलीस तेव्हाचा तुझा चेहरा रोज डोळ्यांसमोर येतो. गेल्या काही दिवसांत मी घास धड खाल्लेला नाही.

तो तुला ओळखतो. आवाजाने म्हणा, वासाने म्हणा, त्या पक्कड धरलेल्या थरथरत्या हातामुळे म्हणा. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

तुझ्या बाबांना काल सांगितलं. ते उठून खिडकीशी गेले. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "तिला लिही. आजच लिही."

आता तुला कळलं. त्याला न्यायचं ठरवलंस तर मी पट्ट्यासकट तयार ठेवीन, आणि गाडीत बसेपर्यंत जाळी कशी धरायची ते तुला दाखवीन. मी रडले तर लक्ष देऊ नकोस. इथे ठेवायचं ठरवलंस, तर शिकवणीच्या बाई म्हणतात, एकदा येऊन भागत नाही. बसायचं, जायचं, पुन्हा यायचं, असं पुष्कळदा करावं लागतं. लबाडी वाटली तर लबाडी समज.

कधी येतेस ते कळव. तुझे बाबा माझ्या खांद्यावरून वाचतायत. म्हणतात, माझं नाव घालू नकोस, कुत्र्यासाठी विचारलंय म्हण.